खाल्ल्या घराचे वासे

ओरेगॉन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य. तिथल्या डोंगरांतल्या थंड, खळाळत्या ओढ्यांत गोट्यांना काळपट हिरवे गोळे चिकटलेले असतात. हाताला ते घट्ट जेलीसारखे लागतात. हे ‘नॉस्टॉक पार्मेलिऑइडिस’ या सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे आपण नीलहरित शैवाल म्हणतो त्या जीवाणूंचे समूह. त्याच गोट्यांवर काही समूह मात्र गोल नसतात. चपटे होऊन कानाच्या पाळीसारखे ते प्रवाहात उभे राहिलेले दिसतात. असा एखादा ‘कान’ उजेडासमोर धरावा, तर जेलीच्या आत वळवळणारी अळी दिसते.

ही अळी एका चिलटाची, ‘क्रिकोटोपस नॉस्टॉसिकोला’ची. नॉस्टॉकमध्ये राहणाऱ्या या चिलटांचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ विलिस वर्थ यांनी १९५७ मध्ये केले. एका समूहात सहसा एकच अळी असते. ती तिथेच राहते, आतूनच नॉस्टॉक खाते, तिथेच कोषात जाते आणि पंख फुटल्यावर बाहेर पडते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे आपल्याला ठाऊक असतात. ही अळी तर वासेच खाते! त्यामुळे तिला परजीवी ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण १९६० मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात ब्रॉक यांनी या जोडीचे नाते परस्परांच्या फायद्याचे असल्याचे मांडले.

फायद्याचे गणित समजायचे तर गोट्याला लागून असलेले पाणी पाहायला हवे. ओढा कितीही वेगाने वाहो, दगडाच्या पृष्ठभागालगतचा पाण्याचा पातळ थर जवळपास थबकलेला असतो. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा कार्बन या थरातून निव्वळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपसूक पसरण्याने, पेशींपर्यंत पोहोचतो, आणि पाण्यातले विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद असते. दगडाला बिलगून बसलेल्या गोळ्याची इथेच उपासमार होते. अळी आत आली की समूहाचा आकार बदलतो. चपटी पाळी थबकलेल्या थरातून बाहेर डोकावते, प्रवाह तिच्या दोन्ही बाजूंना घासून जातो आणि हा थर आणखी पातळ होतो. पुढे १९८० च्या दशकात झालेल्या मोजमापांत अळी असलेल्या समूहांचे प्रकाशसंश्लेषण गोल समूहांपेक्षा अधिक आढळले.

या वाढीव कमाईला नॉस्टॉककडे मोठे गिऱ्हाईक आहे. हे जीवाणू पाण्यात विरघळलेल्या वायुरूप नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करतात. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. शिवाय हे काम करणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते. म्हणून नॉस्टॉकच्या माळेत मधूनमधून जाड भिंतीच्या खास पेशी असतात. त्या स्वतः ऑक्सिजन तयार करत नाहीत, पण त्यांना लागणारे इंधन शेजारच्या हिरव्या पेशींकडून यावे लागते. नायट्रोजनची चणचण असलेल्या डोंगरी ओढ्यात प्रकाशसंश्लेषणातली वाढ त्यामुळे दुहेरी मोलाची ठरते.

अळीचा आणखी एक उपयोग आहे. समूह दगडावरून सुटला, तर ती आपल्या रेशमी धाग्यांनी तो पुन्हा चिकटवू शकते. यात उपकाराची भावना शोधू नये. घर वाहून गेले, तर अन्नही जाते आणि आसराही, एवढाच तिचा स्वार्थ.

ओढ्याच्या तळावरचे जीवन आपण बहुधा कोण कोणाला खातो, एवढ्यावरून मांडतो. गोगलगायी दगड खरवडतात, शैवाल घटते, हिशेब संपतो. इथे मात्र खाल्लेल्या पेशी वजा करून भागत नाही, उरलेल्या पेशींची कमाई किती वाढली तेही मिळवावे लागते. ती कमाई ठरते अळीने दिलेल्या आकारावर आणि पाण्याच्या वेगावर. म्हणूनच अळी शत्रू की सोबती, हा प्रश्न तिच्या पोटात काय सापडते यावरून सुटत नाही. त्यासाठी प्रवाहाचा वेगही मोजावा लागतो.