ड्युटीवर पाठवण्याआधी

घरातल्या ज्येष्ठांना पक्षाघाताचा झटका येतो, हॉस्पिटलमधून डिस्चार्जची तारीख मिळते आणि पेशंट सांभाळायला मावशी पाठवणाऱ्या ब्यूरोला घाईघाईने फोन लावला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात हजर. आधार कार्ड बघितलं जातं, दिवसाचे पैसे ठरतात, ड्युटी बारा तासांची की चोवीस, हेही ठरतं. त्यांना हे काम कुणी आणि कसं शिकवलं, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. ‘आधी दोन पेशंट केलेत’ एवढ्या उत्तरावर घर निश्चिंत होतं. तिथेच थांबू नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. कारण त्या दोन पेशंटच्या वेळी त्यांचं काम कुणी तपासलंच नसेल, तर चुकीची सवयही तितकीच पक्की झालेली असते.

शर्ट घालण्याचंच बघा. उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला शर्ट घालताना उजवा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, त्यामुळे हाताच्या नुसत्या वजनानेही सांधा खाली ओढला जातो. त्यात कुणी तोच हात धरून ‘चला आजोबा, उठा’ म्हणत ओढलं, तर खांद्याचं दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. पाणी पाजण्याचंही तसंच. मान मागे टाकून वरून पाणी ओतण्याची आपली सवय निरोगी माणसाला चालून जाते. गिळण्याची ताकद कमी झालेल्याच्या बाबतीत तेच पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, लहान घोट द्यायचा आणि तो गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा द्यायचा.

सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, म्हणजे बेडसोअरबद्दल, तर आणखी बारकाईने शिकवावं लागतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढं बहुतेक मावशींना ठाऊक असतं. पण कूस बदलताना माकडहाड, खुबे आणि टाचा डोळ्यांखालून घालायच्या, लाल दिसलेली जागा बोटाने दाबून बघायची आणि दाबूनही ती फिकी पडत नसेल तर इजा सुरू झाली असं धरायचं, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा जास्त काळपट लागणारी जागा हाताने चाचपून शोधावी लागते. गोऱ्या कातडीचे फोटो दाखवून केलेलं शिक्षण इथे अपुरं पडतं. आणि अशी जागा तेल लावून चोळायची नसते. मायेने चोळलं तरी आतल्या दुखावलेल्या पेशींवर ताण येतोच.

सेवकांना शिकवण्याचा हा प्रश्न इंग्लंडला फार कडू अनुभवातून भिडला. स्टॅफर्डच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटची भयंकर हेळसांड झाली. तिची चौकशी करणारा फ्रान्सिस अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. पाठोपाठ त्याच वर्षी कॅमिला कॅव्हेंडिश यांनी नर्स नसलेल्या सेवकांच्या शिक्षणाचा आढावा घेतला आणि एप्रिल २०१५ पासून नव्या सेवकांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ सुरू झालं. सुरुवातीला त्यात पंधरा मानकं होती. माणसाचा खासगीपणा जपणं, खाऊ-पिऊ घालणं, जंतुसंसर्ग टाळणं, स्मृतिभ्रंशाची ओळख असे विषय त्यात येतात. मला त्यातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ऑनलाइन धडे पूर्ण केले म्हणजे झालं, असं तिथे धरलेलं नाही. सेवक प्रत्यक्ष काम करताना जाणत्या माणसाने बघायचं आणि मगच ते काम जमतं असं लिहून द्यायचं.

आपल्याकडेही जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एडचे अभ्यासक्रम आहेत. ते झालेली व्यक्ती मिळाली तर उत्तमच. तरीही ब्यूरोला विचारावं की सराव कुणावर केला, कोण बघत होतं, चुकलं तेव्हा पुन्हा करून घेतलं का. नुसता व्हिडिओ दाखवून पाठवणाऱ्या ब्यूरोपेक्षा दोन दिवस जुन्या मावशींच्या हाताखाली ठेवून मग पाठवणारा ब्यूरो मी केव्हाही निवडेन. तेही प्रत्यक्ष पेशंट बघून, कारण नळीने जेवण द्यावं लागणारा पेशंट आणि स्मृतिभ्रंशाचा पेशंट यांसाठीची तयारी अगदी वेगळी असते.

शिकवण्याची जी पद्धत मला सर्वांत पटते, तिला खर्च असा लागत नाही. शिकायला आलेल्यांपैकी एकीला पलंगावर ताठ बसवायचं, तिने हातपाय हलवायचे नाहीत आणि दुसरीने तिला डाळभात भरवायचा. मग जागा बदलायच्या. चमचा किती भरावा, घास घशाखाली उतरायला किती वेळ लागतो, न विचारता कुणी तोंड पुसलं की कसं वाटतं, हे दहा मिनिटांत कळतं. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते तितकंच कळतं.

उरलेली शिकवण घरच्यांनी द्यायची. कवळी कुठे असते, कोणत्या कानाने ऐकू येतं, दुखलं तर बोलून दाखवतात की नुसतेच गप्प होतात, हे कोणत्याही वर्गात शिकवता येणार नाही. पहिल्या दिवशी घरातल्या एकाने रजा काढून मावशींसोबत थांबावं.

शिकण्याचे दिवस ड्युटीचेच धरून त्यांचे पूर्ण पैसे द्यायला हवेत. रोजच्या कमाईवर घर चालवणारी बाई फुकट शिकायला थांबणार नाही, आणि तिने थांबावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. पहिल्या आठवड्यात रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर लावावा आणि अत्यवस्थ वाटलं तर थेट १०८ लावायचा, हेही सांगावं. शिवाय पेशंट पडला किंवा औषध चुकलं तर लगेच सांगा, त्यासाठी तुमचं काम जाणार नाही, असा शब्द त्यांना पहिल्याच दिवशी द्यावा आणि तो पाळावा.