मालमोटारीचा धूर आणि कॅलिफोर्नियातील एक संस्था

माझे वडील मालमोटारीवर ड्रायव्हर आहेत. गाडी मालकाची, हात वडिलांचे. कांदा भरून बंदरावर जायचे आणि नंबर लागेपर्यंत रांगेत थांबायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. ते परतले की आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवते, कारण पाणी काळे होते. आम्हां भावंडांना त्याचे कधी काही वाटले नाही. डिझेलचा वास आला म्हणजे आप्पा घरी आले, एवढेच आम्हांला ठाऊक!

कॉलेजात आल्यावर वाचनात आले की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला आहे. त्या दिवशी घरी मी काही बोलले नाही. पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रकविषयी आप्पांना सांगितले, तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "एका चार्जिंगात बंदर गाठंल का ती? अन् मालक घेईल का?"

या प्रश्नांची उत्तरे शोधताना 'कॅलस्टार्ट' या संस्थेची ओळख झाली. ती वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

संस्थेचा जन्म

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या उन्हाळ्यात असा दाट धूर उतरला की युद्धाच्या त्या दिवसांत काहींना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. प्रत्यक्षात शत्रू घरचाच होता! मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरातील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हा डोळे झोंबवणारा धूर तयार होतो, हे मूळचे डच असलेले शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी पुढे दाखवून दिले. तेव्हापासून कॅलिफोर्निया राज्य हवेच्या बाबतीत जागरूक आहे.

१९९० नंतर तेथे दुसरे संकट आले. शीतयुद्ध संपले, लढाऊ विमानांची मागणी घटली आणि हजारो कामगार बेकार झाले. त्यांचे कसब स्वच्छ वाहनांच्या उद्योगाकडे वळवावे, या विचारातून १९९२ मध्ये कॅलस्टार्टची स्थापना झाली. तिचे पहिले बिऱ्हाड बरबँक येथील लॉकहीड विमान कंपनीच्या जुन्या कारखान्यात होते. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही आणि स्वतः गाड्याही विकत नाही. वाहन-उत्पादक, वीज कंपन्या, वाहतूकदार आणि सरकार यांना एका मेजाभोवती बसवणे हे तिचे मुख्य काम.

ट्रकच का?

संख्येने ट्रक थोडे, पण त्यांचा धूर फार. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या हिशेबाने तेथील वाहनांत ट्रक अवघे ६ टक्के आहेत. परंतु वाहतुकीतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक वाटा त्यांचा आहे. आपल्याकडेही तीच गत. देशातील वाहनांत डिझेल ट्रक केवळ ३ टक्के असूनही वाहतुकीतील हरितगृह वायूंत त्यांचा वाटा ४२ टक्के आहे, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितले.

पहिला प्रश्न : बंदर गाठेल का?

यावर संस्थेचे उत्तर असे की, सर्वांत अवघड गाडीपासून आरंभच करू नये. समुद्रातून येणारे सैन्य आधी किनाऱ्याचा एक तुकडा ताब्यात घेते आणि तेथे पाय रोवून पुढे सरकते, तसे करावे. पहिला मान शहर बसचा. तिचा रस्ता ठरलेला, अंतर मोजलेले, रात्री मुक्काम डेपोतच. तेथेच तिला वीज भरता येते. त्यानंतर घरोघर माल पोचवणाऱ्या छोट्या गाड्या, मग बंदरातून जवळच्या गोदामापर्यंत जाणारे ट्रक, आणि शेवटी लांब पल्ल्याच्या मालमोटारी. बसमुळे बॅटरी व मोटर जास्त संख्येने बनू लागतात, त्यांची किंमत उतरते, आणि तेच सुटे भाग पुढच्या गाडीला उपयोगी पडतात.

हा अनुभव आपल्यालाही आला आहे. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एस.टी.ची विजेवरची पहिली 'शिवाई' धावली. बस आधी, ट्रक मागून!

दुसरा प्रश्न : मालक घेईल का?

खरी गाठ येथे आहे. विजेचा जड ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा फार महाग पडतो. यासाठी कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये एक योजना सुरू केली. पैसा राज्याचा आणि कारभार कॅलस्टार्टकडे. तिची खुबी अशी की, 'आधी पूर्ण पैसे भरा, मग सरकारकडे हेलपाटे घाला' असा प्रकार नाही. विक्रेता सवलतीचा अर्ज करतो आणि गिऱ्हाइकाच्या बिलातूनच रक्कम वजा होते. सर्वांत जड वर्गातील ट्रकसाठी मूळ सवलत १,२०,००० डॉलर ठरवण्यात आली होती.

पण सवलत ठेवली म्हणजे ती गरिबापर्यंत पोचतेच असे नाही. ज्याच्याकडे कारकून आणि वकील आहेत, तो अर्जात पुढे राहतो. म्हणून २०२२ मध्ये वीस किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवण्यात आली आणि गाडी भाड्याने घेण्याचीही सोय झाली.

आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकला कमाल ९.६० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले; सुमारे ५,६०० ट्रकांना ते मिळावयाचे आहे. अट अशी की जुना डिझेल ट्रक मोडीत काढला पाहिजे. सिमेंट, पोलाद, बंदर या उद्योगांना याचा लाभ होईल. परंतु एकदोन गाड्यांवर कर्ज फेडणारा आमच्या गावचा मालक त्या रांगेत कोठे उभा राहील?

आक्षेप आणि अडचणी

कोणी म्हणेल, आपली बहुतेक वीज कोळशाची. धूर ट्रकमधून निघून वीजकेंद्रात गेला, एवढेच! यात तथ्य आहे. वीज स्वच्छ झाल्याखेरीज हे काम अर्धेच राहणार. तरी रांगेतल्या ड्रायव्हरच्या आणि रस्त्याकडेच्या चहावाल्याच्या नाकापुढचा धूर जातो, ही गोष्ट लहान नाही.

शिवाय हा मार्ग सरळही नाही. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कॅलस्टार्ट व नेदरलँड्स यांच्या पुढाकाराने १५ देशांनी करार केला की, २०४० पर्यंत विकले जाणारे सर्व नवे ट्रक व बस धूर न सोडणारे असावेत. पुढे अमेरिकाही त्यात आली. पण त्याच अमेरिकेच्या केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ट्रकविषयक नियमांना दिलेली मुभा काढून घेतली आणि ते राज्य न्यायालयात गेले. राज्यकर्ते बदलले की नियम बदलतात. म्हणूनच कोणाचेही सरकार असो, चिकाटीने हिशेब मांडत राहणारी संस्था हवी.

आप्पांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनिअर देतील. बॅटरी वर्षागणिक सुधारते आहे. दुसऱ्याचे उत्तर एकट्या इंजिनिअरच्या हाती नाही. त्यासाठी योजना सोप्या मराठीत समजावणारी, अर्ज भरून देणारी, लहान मालकाची बाजू सरकारपुढे मांडणारी माणसे लागतील. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींना हे काम परके का वाटावे?

हा लेख मी आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मालकालाबी एकदा वाचून दाखव."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला