गंजलेली सायकल

जालन्याच्या माणसाला लोखंडाचे मोल शिकवावे लागत नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळते आणि त्याचीच सळई होते. म्हणून जुनी सायकल दिसली की ‘भट्टीला द्या’ हा सल्ला येथे लगेच मिळतो. वडिलांच्या ॲटलसबद्दल मलाही तो मिळाला.

गंज ही लोखंडावर बसलेली धूळ नव्हे. हवा आणि पाणी यांच्या संगतीने लोखंडच गंज होते. हा थर सच्छिद्र असल्याने खालच्या धातूला आडोसा देत नाही. त्यावर रंग फासणे म्हणजे आत चाललेली झीज झाकणे होय. प्रथम तारेच्या ब्रशाने खरवडावे व सांध्यांपाशी तडे पाहावेत. नळी खाल्ली गेली असेल तर भट्टीच बरी. शाबूत असेल तर आधी रेड ऑक्साइड, मग रंग.

अडकलेल्या नटाशी झोंबू नये. पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे न जाणता जोर लावणारा ते अधिकच आवळतो. चाकातले छर्रे मोजून काढावेत. झिजले असतील तर सगळे एकदम बदलावेत.

१९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, थांबला. कामगार घरी बसले.

याच सायकलवरून वडील पहिल्या पाळीला जात. आता ती पुन्हा चालते. सीटचे झिजलेले चामडे मात्र मी बदललेले नाही.