‘एक पाटा वाढवून द्या’

रस्त्याच्या कामावरचा जनरेटर, खडी फोडणाऱ्यांचा कॉम्प्रेसर, जीपमागे जोडलेली दोन चाकांची ट्रॉली. असल्या छोट्या ट्रेलरच्या पोटाखाली पोलादी पाट्यांची चळत असते, आणि ती मोडेपर्यंत तिच्याकडे कुणी वाकून बघत नाही.

चाकाला वर-खाली होऊ द्यायचं, एवढंच पाट्याचं काम असा समज आहे. पण कामं बरीच असतात. मोटारीत ती स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि निरनिराळ्या दांड्यांत वाटलेली असतात. छोट्या ट्रेलरवर सगळा भार पाट्याच्या एकट्याच्या गळ्यात. वजन तोच पेलतो, अ‍ॅक्सल जागेवर तोच धरतो, पुढची ओढ चाकापर्यंत तोच पोचवतो. पाटे एकमेकांवर घासतात म्हणून उसळीही लवकर विरते. तेव्हा ट्रेलरचे पाटे बदलणं म्हणजे अ‍ॅक्सल नव्याने बसवणंच.

रचना जुनी आहे. लंडनचे बग्गी बांधणारे ओबडाया एलियट यांनी 1804 मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. आपल्या टांग्याखालचे पाटे त्याच कुळातले. मधोमध आवळलेल्या पट्टीवर सगळ्यांत जास्त ताण मध्यावर येतो, टोकांकडे तो उतरत जातो. म्हणून मेन पाटा सर्वांत लांब आणि बाकीचे क्रमाने आखूड: जिथे ताण, तिथे पोलाद. मेन पाट्याची टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा पिनेवर पक्का, मागचा शॅकलला लोंबता. दबलेला पाटा सरळ होताना लांबतो, ती लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. शॅकल गंजून धरला, की पाट्याचे हाल सुरू. चळत अ‍ॅक्सलवर आवळणारे यू-बोल्ट ढिले पडले, तर बहुधा मोड जाते ती पाट्यांना मधोमध ओवणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून.

बदलताना आधी टेप लागतो, पाना नंतर. दोन डोळ्यांमधलं अंतर, पाट्याची रुंदी, जाडी, संख्या, पिनेचा व्यास, सगळं न मोडलेल्या बाजूचं मोजायचं. पाटे मात्र दोन्ही बाजूंचे बदलायचे, कारण जुनी बाजू एव्हाना बसलेली असते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाच जोडून ठेवावा, तिच्या चाकांना दगड लावावेत, आणि चेसी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. अ‍ॅक्सललाही वेगळा टेकू हवा.

गंजलेले यू-बोल्ट बहुतेकदा ग्राइंडरने कापावेच लागतात. त्याची हळहळ नको. एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा वापरायचेच नसतात. खरी कसोटी पुढे आहे. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. ते जरा जरी बाहेर राहिलं, तरी अ‍ॅक्सल तिरका होतो, ट्रेलर तिरपा चालतो आणि टायर झिजत जातात. हुकापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप धरावा. मापं जुळली, की यू-बोल्टचे नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत.

याच वेळी मालक म्हणतो, ‘एक पाटा वाढवून द्या, म्हणजे परत यायला नको.’ माझ्या मते हा सगळ्यांत महागडा सल्ला. ताठरपणा पाट्यांच्या संख्येबरोबर वाढतोच, आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: 8 मिलिमीटरऐवजी 10 मिलिमीटर जाडीचा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ. बेअरिंग, टायर, अ‍ॅक्सल मात्र तेवढेच राहतात. रिकामा ट्रेलर खड्ड्यात टणाटणा उडू लागतो, आणि जो धक्का पाट्याने गिळायचा तो चेसीवरच्या हँगरच्या वेल्डिंगवर जाऊन आदळतो. जास्त माल न्यायचा असेल, तर मोठा ट्रेलर घ्यावा. मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग करणं हाही तसलाच प्रकार: पाट्याची लवचिकता पोलाद तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून आणलेली असते. वेल्डिंगची आच ती सांध्यापाशी घालवते.

जुने पाटे सगळेच भंगारात जात नाहीत. लोहार त्यांचे कोयते घडवतात. कार्बन भरपूर असल्याने पाणी द्यायला ते उत्तम.

आणि नवे पाटे बसल्यावर, भरल्या ट्रेलरची पहिली खेप झाली, की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. पाट्यांमधला रंग चेपतो, थर एकमेकांवर बसतात आणि घट्ट वाटलेले नट सैल होतात. हे दुसऱ्यांदा आवळणं गिऱ्हाईक टाळतं आणि गॅरेजवालाही आठवण करत नाही. पुढच्या मोडीची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.