कांदा ‘महागला’ म्हणजे नेमकं काय?

सरकारचा महागाईचा आकडा दर महिन्याला येतो. तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढतात. समजा, किरकोळ कांदा ६० वरून ३० रुपयांवर आला, तर दर उणे ५० टक्के. पुढच्या वर्षी ४५ झाला की ‘कांदा ५० टक्के महागला’ अशी ओरड, अन् भाव मात्र ६० च्या खालीच!

शिवाय हा भाव गिऱ्हाइकाचा, बाजार समितीतला नव्हे. आपलं खत, बियाणं, फवारणी त्यात धरतच नाहीत. तेव्हा बातमी ऐकून चाळ घाईने फोडू नका. आधी समितीतली आवक आणि भाव विचारा. खताच्या पावत्या जपून ठेवा, मागच्या हंगामाशी ताडून बघता येतील.