पितळेचे वंगण

वाघोलीचे नाव दगडखाणींशी आणि खडीच्या क्रशरांशी जोडलेले आहे, त्यामुळे वंगण म्हणजे काय हे इथल्या श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. बेअरिंगमध्ये ग्रीस भरले, ते आत राहिले आणि यंत्र कुरकुर न करता फिरू लागले, की काम झाले. जितके अधिक दिवस ते टिकेल तितके चांगले. आज आम्ही ज्या वंगणाविषयी बोलणार आहोत, त्याची रीत मात्र उलटी आहे. त्याने एकदोन क्षण प्राणपणाने टिकावे आणि काम होताच मागमूस न ठेवता निघून जावे, अशी अपेक्षा असते. हे वंगण पितळेच्या काडतुसाचे.

परदेशांत पुष्कळ नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनविणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा काही घरी करून पाहण्याचा उद्योग नव्हे. शिवाय तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसळे यांनी ज्या ५० मीटर प्रकारात नाव कमावले, त्यातली बारीक काडतुसे पुन्हा भरताच येत नाहीत. त्यांचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि ती कड एकदा चेपली की संपली. पण मोठ्या काडतुसाच्या बाबतीत जो प्रश्न उभा राहतो तो पितळेचा आहे, आणि पितळ तर आपल्या स्वयंपाकघरातले.

बार उडतो तेव्हा पुंगळीच्या आत हवेच्या तीन-चार हजार पट दाब निर्माण होतो. पितळ फुगते, बंदुकीच्या कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि दाब ओसरताच थोडे मागे येते. पण पहिल्या मापावर येत नाही. ती पुंगळी पुन्हा वापरायची तर पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते. चकलीच्या सोऱ्याला आतून तेलाचे बोट फिरविले नाही तर पीठ भिंतीला धरून बसते. तेच इथे पितळ करते, फक्त जोर कितीतरी पट. वंगण कमी पडले की पुंगळी साच्यात रुतते. ओढून काढू गेले तर बुडाची कड तुटून हाती येते आणि बाकीचे पितळ आतच राहते.

मग भरपूर तेल लावावे, असे कोणी म्हणेल. तेही चालत नाही. तेल दबत नाही. पुंगळीच्या खांद्याशी, म्हणजे जिथे ती अरुंद होऊन मान सुरू होते तिथे, जादा तेल साचले की त्याला जायला वाट नसते आणि पितळच आत खचते. त्या खळग्यांकडे पाहून साचा बिघडला असे वाटते. बिघडलेला असतो तो हात. म्हणून वंगण अंगाला पातळसे, खांद्याला जवळजवळ नाहीच, आणि मानेच्या आत लागलेच तर कोरडे ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड.

कोणते वंगण घ्यावे, हा खरा प्रश्न. मोटारीचे तेल हाताशी असते म्हणून मोह होतो. पण ते वेगाने फिरणाऱ्या भागांसाठी केलेले. सावकाश आणि प्रचंड दाबाखाली त्याचा पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला भिडतो. गिअरच्या काही तेलांत गंधक असते. ते दाब सोसते, पण तांब्याला काळे करते, आणि पुंगळीच्या पितळेत तर शंभरात सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त. साबणाचे पाणी चांगले. पितळ खोल ओढून भांडी आणि पुंगळ्या करणाऱ्या कारखान्यांत ते फार जुने आहे, कारण ते धुऊन जाते. मात्र नंतर पुंगळी पूर्ण वाळली पाहिजे. आमचा कौल लोकरीच्या चरबीला. पावसात भिजलेल्या घोंगडीला जो उग्र वास येतो, त्याच कुळातली ही वस्तू. बोटाच्या उबेने ती पसरते, दाबाखाली हटत नाही आणि पितळेला इजा करीत नाही. स्पिरिटमध्ये विरघळवून ती फवारतातही. तेव्हा स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबावे लागते, आणि ज्यांना धीर नसतो त्यांच्याच पुंगळ्या अडकतात.

काम झाल्यावर सारे पुसून काढायचे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. तेल आत झिरपले तर दारू आणि टोपी निकामी होते. बाहेर राहिले तर त्याहून वाईट. स्फोटाच्या क्षणी पितळ कोठीच्या भिंतीला धरून राहते म्हणून सगळा धक्का मागच्या खिळीवर येत नाही. ओली पुंगळी भिंतीवरून निसटते आणि खिळीवरचा भार वाढतो. खिळीच्या मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

आता थोडे इतिहासाकडे. १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे, पण ती काडतुसे पितळी नव्हती, कागदी होती. ती दातांनी फाडायची होती आणि त्यांवरची चरबी गोळी नळीतून सहज उतरावी यासाठी होती. जानेवारीत शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे असा हुकूमही निघाला, पण तोवर विश्वास गेला होता. १० मे रोजी मेरठला भडका उडाला. वंगण कशाचे, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञाचा राहात नाही तो असा.

दुसरी हकीकत कमी सांगितली जाते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजांची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवीत, आणि ऋतू पालटला की पुष्कळांना चिरा गेलेल्या दिसत. त्या रोगाला नावच ऋतूचे मिळाले. कोणी हवेला दोष दिला, कोणी धातूला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि ओढून-दाबून घडविताना पितळेत कोंडून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकते. उपाय साधा होता, घडविल्यानंतर मंद ताव देऊन तो ताण काढून टाकणे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून कडक झालेले भांडे मधूनमधून भट्टीत घालतात, ते धातू पुन्हा मऊ व्हावा म्हणून. ताव इथे अधिक कडक असतो, पण धातूला विसावा देण्याची कल्पना तीच.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, म्हणजे पुण्याला हा विषय दीडशे वर्षांचा शेजारी आहे. पुंगळीला साच्यात दाबताना आपण तिच्यात नवा ताण भरतो. म्हणून अमोनिया असलेले पॉलिश, मग ते पितळेला कितीही झळाळी देवो, तिच्या वाटेला जाऊ देऊ नये. देवघरातल्या समईला चिंच पुरते. पुंगळीला कोमट पाणी, थोडा साबण आणि कोरडे फडके.