यादवीतले घोडदळ आणि यशवंतराव होळकर

उत्तर पेशवाईत मराठी राज्याला परचक्रापेक्षा घरच्या यादवीने अधिक पोखरले, आणि या यादवीतली सर्वांत मोठी लढाई 25 ऑक्टोबर 1802 रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या वेशीवर हडपसर-वानवडीच्या माळावर झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि दुसरे बाजीराव पेशवे यांच्या फौजा, तर दुसऱ्या बाजूस यशवंतराव होळकर होते.

त्या काळच्या घोडेस्वारांत दोन मुख्य वर्ग असत: स्वतःचे घोडे आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. पथकाच्या सरदारास मोहिमेपूर्वी ‘नालबंदी’ नावाची आगाऊ रक्कम मिळे. बाकीचा पगार मात्र बहुधा थकलेला असे, त्यामुळे स्वारांचे पोट आणि घोड्यांची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, हे दोन्ही मुलूखगिरीवर, म्हणजे वाटेतल्या रयतेवरच, भागवावे लागे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची उपजीविकाच बुडे. तेव्हा तोफांच्या माऱ्यात घोडा घालण्यास तो कचरे, याला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

यशवंतराव हे तुकोजी होळकरांचे अनौरस पुत्र. 1797 मध्ये तुकोजी वारल्यावर वारसाचा तंटा पेटला, त्यात शिंद्यांनी तुकोजींचे थोरले पुत्र काशीराव यांची बाजू घेतली आणि त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेने छापा घालून काशीरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव यांना ठार केले. यशवंतराव निसटून नागपुरास गेले, पण तेथे रघुजी भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तेथूनही सुटून त्यांनी माळव्यात भिल्ल, पेंढारी, पठाण असे मिळतील ते लोक जमवले आणि अमीरखानासारखा पठाण सरदार जोडीस घेतला. 1801 च्या एप्रिलमध्ये बाजीरावांनी यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि वारसाच्या भांडणाला सूडाची धार चढली. त्याच वर्षी उज्जैनला जय आणि इंदूरला पराजय, असे दोन्ही अनुभव घेऊन यशवंतराव दक्षिणेकडे वळले.

हडपसरला शिंद्यांची सेना सदाशिवराव भास्कर यांच्या हाताखाली असून तिचा कणा कॅप्टन डॉज या अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी हा होता. कवायती पलटण म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेले, एका हुकुमावर बंदुकांची फैर झाडणारे पायदळ. होळकरांपाशीही अशा पलटणी होत्या. आरंभी तोफांची मारगिरी चालली आणि होळकरांचे स्वार मागे हटू लागले, तेव्हा यशवंतरावांनी त्यांना स्वतः सावरले आणि पुढे होऊन शत्रूच्या तोफांवर हल्ला चढवला. डॉज मारला गेला, शिंद्यांची फळी फुटली आणि बाजीराव सिंहगडाकडे पळाले. सरदार स्वतः पुढे झाला नसता तर शिलेदारांचे घोडे त्या माऱ्यात शिरले असते, असे वाटत नाही.

विजयानंतर पुण्यात आरंभी काही संयम दिसला. पुढे मात्र फौजेचा खर्च शहराच्या सावकारांकडून आणि सामान्य रहिवाशांकडून सक्तीने वसूल करण्यात आला. इकडे बाजीरावांनी वसईस जाऊन 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी तह केला, त्यांची तैनाती फौज, म्हणजे पेशव्यांच्या खर्चाने पोसावयाची इंग्रज पलटण, पत्करली आणि मे 1803 मध्ये ते तिच्याच बळावर पुण्यात परतले. त्याच वर्षी शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव अलिप्त राहिले, आणि ही त्यांची सर्वांत महागडी चूक होती. 1804 मध्ये त्यांच्या स्वारांनी इंग्रज कर्नल मॉन्सनच्या फौजेचा माळव्यातून माघार घेताना धुव्वा उडवला खरा. पण नोव्हेंबरात इंग्रज सेनापती लेक याच्या घोडदळाने रात्रभर दौड करून फर्रुखाबादेजवळ त्यांचीच छावणी बेसावध गाठली. 1805 च्या डिसेंबरात त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि 1811 मध्ये भानपुऱ्यास त्यांचा मृत्यू झाला. घोडदळाचे सरदार म्हणून त्यांच्या तोडीचा पुरुष त्या पिढीत मराठ्यांत दुसरा नव्हता, तरी पुण्यातल्या त्यांच्या विजयाचा लाभ अखेर इंग्रजांनाच झाला.